न्हाई आत्याची सावड

आमच्या न्हाई आत्याला काहीही विचारा, पहिलं उत्तर 'न्हाई' असायचं. चहा घेता का? न्हाई. बसता का घटकाभर? न्हाई. मग ती बसायची, चहा घ्यायची आणि वर अर्धा कप आणखी मागायची. मी नवी सून म्हणून त्या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी भाकरी वाढायला गेले, ती नाही म्हणाली, आणि मी बापडीने टोपली उचलून आत नेली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आत्या ताटासमोर तशीच बसून होती. मला म्हणाली, "आगं, पुन्यांदा इचार की. उपाशी मारती का मला?"

पुढे कधीतरी धीर करून मी विचारलं, आत्याबाई, तुम्ही आधी नाही का म्हणता? तर म्हणाली, "पहिल्यांदा इचारत्यात ते रीत म्हनून. पुन्यांदा इचारत्यात तवा मानूस खरं बोलतं." हे तिचं सगळं शास्त्र. गावातल्या लहानथोरांनी तिचं खरं नाव टाकून दिलं होतं आणि तिलाही त्याचं काही वाटत नव्हतं.

ती माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. पुणतांब्याला दिलेली. नवरा लवकर गेला, आणि दिरांनी जमिनीच्या कागदावर अंगठा मागितला. पहिल्यांदा मागितला, न्हाई. दुसऱ्यांदा मागितला तेव्हा त्यांच्या तोंडून खरं काय ते निघालं, आणि मग तर न्हाईच. शेवटी भांडणाला कंटाळून ती पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या कोरड्या गावात, माहेरी परत आली, पण अंगठा काही उठवला नाही. गंगेकाठचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी प्यायलेली बाई. आमच्या विहिरीच्या पाण्याला नावं ठेवत ठेवत तिने उरलेला जन्म तेच पाणी पिऊन काढला.

आता दुष्काळाचं सांगते. बहात्तरच्या त्या सालाबद्दल माझ्या वयाच्या माणसांना काही सांगायला नको, पण तरुण मंडळींसाठी लिहिते. शेतात काही उरलं नव्हतं. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायची, तिच्या भाकरी थापताना तुटायच्या आणि खाताना तुटायच्या नाहीत. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि सगळं गाव तिथे खडी फोडायला बसलं होतं. जुन्या टायरच्या कड्यात दगड धरायचा आणि वर हातोडी घालायची. प्रत्येकीचा ढीग वेगळा. संध्याकाळी मुकादम माप घेऊन यायचा. माप भरलं तर मजुरी पुरी, नाही तर कापून. माझी अलका तेव्हा तान्ही होती, चार-पाच महिन्यांची. बांधाखालच्या बाभळीला साडीच्या झोळ्या टांगलेल्या असायच्या, त्यात ती इतर लेकरांबरोबर असायची. ती रडली की मला ऐकू यायचं. पण उठलं की ढीग कमी पडायचा. आई झालेलीला वेगळं सांगायला नको, ऐकून न उठणं म्हणजे काय ते.

अशात एक दिवस जीप आली. तीतून एक तरुण डॉक्टरीणबाई उतरल्या, शहरातल्या, केसांची एकच घट्ट वेणी घातलेल्या. त्यांच्याकडे झाडाला टांगायचा काटा होता आणि त्याला चड्डीसारखी एक पिशवी. लेकरू पिशवीत घालायचं, काट्यावर वजन बघायचं, कार्डावर टाकायचं. आमच्याकडे लेकराचं वजन मोठ्याने सांगत नाहीत, दृष्ट लागते. आम्ही सगळ्या बायका पदर तोंडात धरून आत्याकडे बघायला लागलो. आत्या अर्थातच न्हाई म्हणाली.

बाई शहाण्या निघाल्या. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, आणि आत्याच्या शास्त्राप्रमाणे मग त्यांनाच खरं बोलावं लागलं. कुठल्याशा संस्थेचा अभ्यास चालला होता. काही गावांत लेकरांना सुकडी, म्हणजे भाजलेल्या धान्याचं गोड पीठ, आणि दूध द्यायचं, काही गावांत नुसतं वजन करायचं, आणि मग दोन्हींची तुलना करायची, की खाऊ घातल्याने किती फरक पडतो. आमचं गाव नुसत्या वजनाचं.

आत्याने हातातली हातोडी खाली ठेवली. "म्हंजे आमची लेकरं कशी वाळत्यात, ते बगायला आलाय तुमी?"

बाई आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हो. तसंच झालं ते."

मला वाटतं, त्या एका 'हो'वर पुढचं सगळं उभं राहिलं. आत्याने त्यांना चहा दिला आणि काटा जीपमध्ये ठेवून यायला सांगितलं. सुकडी आणाल तर काटा आणा, नाही तर लेकरांना हात लावायचा नाही. बायकांनी त्या दिवशी एकही मूल पिशवीत घातलं नाही. मुकादम मधे पडला. म्हणाला, सरकारी माणसांना असं बोलू नये, काम बंद पडेल. आत्या त्याला म्हणाली, तू माप घाल, माप घालनं येतं न्हवं तुला? सगळ्या हसल्या. मुकादमाच्या मापाबद्दल आमच्या मनात काय होतं ते त्यालाही माहीत होतं.

डॉक्टरीणबाई वरच्यांशी भांडल्या असणार, कारण आठवड्याभरात जीप आली ती सुकडीची पोती घेऊन. मग वजनं सुरू झाली. आत्याने त्यावर तोडगाही काढला. वजन मोठ्याने सांगायचं नाही, आईच्या कानात सांगायचं. बाई प्रत्येकीच्या कानाशी वाकून सांगायच्या. आमच्यातल्या निम्म्याजणींना किलो म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण डॉक्टर आपल्या कानात बोलते याचंच अप्रूप. तरी घोळ झालाच. सासवांसमोर लेकरू हलकं निघू नये म्हणून काहीजणी पायात चांदीचे जाड वाळे चढवून आणायच्या. बाईंना कळेना की लेकरं अशी एकदम भरतात कशी. आत्याला विचारलं तेव्हा ती म्हणाली, पायाकडं बगा की. त्यानंतर सगळी लेकरं उघडीनागडी तोलली जाऊ लागली.

सुकडीने चालती मुलं सावरली. पण तान्ही वाळतच होती. अलकाची मान पुन्हा सैल पडायला लागली होती आणि काखेत कातडीच्या घड्या लोंबत होत्या. बाई कार्डं मांडून बसायच्या आणि त्यांचा मेळ लागायचा नाही. एक दिवस त्या काटा न घेताच आल्या, माझ्या शेजारी पोत्यावर बसल्या आणि म्हणाल्या, मी पण फोडून बघते. आत्याने त्यांच्या हातात हातोडी दिली. दुपारपर्यंत त्यांच्या तळहाताला फोड आले आणि ढीग म्हणावा तर टोपलीभर. तेव्हा झोळीत अलका रडायला लागली. बाई म्हणाल्या, "तू उठत का नाहीस?"

मी मुकादमाकडे बघितलं. बाईंनी आपल्या टोपलीभर ढिगाकडे बघितलं. संध्याकाळी माप होईपर्यंत त्या तिथेच थांबल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या आणि आत्या बोलत बसायला लागल्या. बाईंचं म्हणणं, आता विचारायचा प्रश्न सुकडीचा नाही, आईला उठता येण्याचा आहे. आत्याचं म्हणणं, त्यात इचारायचं काय, सावड करा. आमच्याकडे पेरणीला, खुरपणीला सावड असते. आज सगळ्यांनी माझ्या रानात, उद्या तुझ्या. तसा खडीचा ढीग टोळीचा एकच करायचा. एक म्हातारी लेकरांजवळ बसेल, हाक मारेल, आई जाऊन पाजून येईल, तोवर बाकीच्यांचे दगड तिच्याही नावाचे. बाई म्हणाल्या, करू, पण करून वजन वाढतं का ते मोजू, म्हणजे कुणाला नाही म्हणता येणार नाही. आत्याला ते पटलं. आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाला 'नाही' म्हणता येऊ नये, ही कल्पनाच तिला फार आवडली.

ढिगाला नाव एकेकीचं लागतं, म्हणून मुकादमाने हात वर केले. तेव्हा दोघी एसटीने तालुक्याला गेल्या. तिथल्या साहेबांनी बरंच ऐकून घेतलं आणि म्हणाले, एका टोळीत महिनाभर करून बघा, माप घटलं नाही तर पुढची टोळी. परत येताना आत्या खुशीत होती. आमच्या तलावावर चार टोळ्या होत्या. आधी कोणाची, यावर भांडण होणार हे उघड होतं, तर आत्याने सांगून टाकलं, विहिरीच्या पाण्यासारखी पाळी लावा, सगळ्यांना मिळणार आहे, कोणाला आधी, कोणाला मागून. बाई एकदम ताठ बसल्या. म्हणाल्या, हे तर छानच, ज्यांची पाळी यायची आहे त्यांची वजनं पाळी आलेल्यांशी लावून बघता येतील, आणि कायमचं उपाशी कुणीच राहणार नाही. पण पाळी कोण ठरवणार? आत्या म्हणाली, मी. बाई म्हणाल्या, तुम्ही तुमच्या सुनेची टोळी आधी घालाल. आत्याला राग आला. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच चिठ्ठ्या करून घेऊन आली, आणि सगळ्यांसमोर, तोऱ्यात, स्वतःच्या हाताने उचलल्या.

आमची टोळी शेवटची आली.

तेव्हा तिचं तोंड कसं झालं ते मला अजून दिसतं. पण चिठ्ठी तर तिनेच उचललेली. पहिल्या टोळीची सावड सुरू झाली. पलीकडच्या अंगाला म्हातारी हाक मारायची, बाया उठून जायच्या, पदराखाली लेकरं घेऊन बसायच्या. माप घटलं नाही. घटणार कुठून, हाक ऐकून उठायला मिळालं की हात हलका चालतो. आणि मी इकडे अलकाचं रडणं ऐकत दगड फोडत होते. पाजायला न मिळाल्याने माझं दूध आटत गेलं, आणि मग ते रडणंही बारीक झालं. त्या आठवड्याला बाई माझ्या कानाशी वाकल्या आणि आकडा सांगायच्या ऐवजी नुसता माझा दंड धरून राहिल्या.

मी आत्याच्या पायाशी बसले. म्हटलं, आत्याबाई, चौथ्या पाळीपर्यंत ही राहत नाही.

ती उठली आणि तशीच बाईंकडे गेली. मी मागे. बाईंनाही काही सुख नव्हतं, त्या रात्रंदिवस तोच हिशेब करत असणार. त्या म्हणाल्या, आत्याबाई, एकीला मधेच घेतलं तर सगळ्या जणी मागतील, आणि मग साहेबांना दाखवायला काही उरणार नाही. उद्या सावडच बंद झाली तर सगळीच लेकरं जातील. खरं सांगते, त्या खोटं बोलत नव्हत्या. मला त्यांचा राग आला होता तरी ते कळत होतं.

आत्या म्हणाली, "पाळी ठरवली मी. पन पाळीच्या पान्यातबी कुनाचं रोप करपाया लागलं तर सगळ्यांना इचारून त्याला मधीच पानी देत्यात. ते ठरवायचं इसरले मी. चूक माझी हाय, पोरीची न्हाई. हिशोब बिघडला तर बिघडू द्या."

बाईंनी हातातली कार्डं खाली ठेवली. मग म्हणाल्या, विचारू या सगळ्यांना. आणि आकड्यांत बसत नसलं तरी कार्डावर तसंच लिहू या, पाळी मोडली म्हणून, का मोडली म्हणून. आणखी कुणाचं लेकरू इतकं खाली गेलं तर त्यालाही हाच नियम.

दुपारी पहिल्या टोळीच्या बायकांना आत्याने गोळा केलं. त्या काही देवमाणसं नव्हत्या, पोट त्यांनाही होतं. एकजण तोंडावर म्हणाली, हिच्या अंगात हातोडी उचलायचं त्राण नाही, हिला घेऊन आमचं माप घटलं तर? आत्या वाकली, माझ्या हातातली हातोडी घेतली आणि त्यांच्या ढिगाशी जाऊन बसली. म्हणाली, हिच्या वाटची मी फोडते, घटलं तर मला बोला. सत्तरीला टेकलेली बाई. तिच्या त्या पहिल्या घावाला दगड फुटला नाही, उडून मुकादमाच्या पायाशी गेला. जी बाई बोलली होती तिनेच मला दंडाला धरून आपल्या शेजारी बसवलं.

आत्या महिनाभर माझ्याही वाटची खडी फोडत होती. मी दिवसातून हाक येईल तितक्या वेळा उठत होते. दूध लगेच आलं नाही. पण आलं. एका आठवड्याला बाई कानाशी वाकल्या आणि आकडा मोठ्याने बोलून गेल्या. दृष्टीचं कुणाला आठवलंही नाही.

पाळीपाळीने चारही टोळ्यांत सावड झाली. मग अभ्यास संपायच्या वेळेला संस्थेचे मोठे डॉक्टर आले. आत्याने आधीच बजावून ठेवलं होतं की जे काही निघालं ते शहरात सांगण्याआधी आमच्या मारुतीच्या पारावर सांगायचं. ते आले, पारावर खुर्ची टाकून बसले, कौतुकाने बोलले. लेकरांची वजनं वाढली, तुमची पद्धत चांगली, हे लिहून सगळीकडे जाईल. बायका खूश झाल्या. मग त्यांनी जरा खाली आवाजात डॉक्टरीणबाईंना सांगितलं की ती पाळी मोडलेली केस वगळा, त्याने अभ्यास कच्चा दिसतो. आणि मापाचा, मुकादमाचा विषयही नको, खात्याला आवडणार नाही. नुसतं दुधाचं ठेवा.

खाली आवाजात म्हणजे शहरातला खाली. आमच्या पारावर ते सगळ्यांना ऐकू गेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सर, वगळायचं तर का वगळलं ते लिहावं लागेल. आणि ते लिहिलं तर मग वगळलं कुठे? मोठे डॉक्टर हसले, की तू अजून नवी आहेस. तेवढ्यात आत्या उठली. माझ्या मांडीवरून अलकाला उचललं, चालत पाराच्या पायऱ्या चढली आणि ते लेकरू मोठ्या डॉक्टरांच्या मांडीवर ठेवलं. पांढऱ्या पँटवर. अलकाने आधी त्यांच्या चष्म्याकडे बघितलं आणि मग तो धरला.

"ही बगा ती केस," आत्या म्हणाली. "वगळा आता."

त्यांना हलता येईना. लेकरू पडेल म्हणून दोन्ही हातांनी धरावं लागलं. आत्याचं बोलणं चालूच होतं. दूध बाईच्या अंगातून येतं, पण मापानं आटतं, तर मापाचं लिहायचं नसेल तर दुधाचंही लिहू नका. हे नुसतं तुमचं न्हवं, आमचंबी हाय, कष्ट आमचे, लेकरं आमची, पाळी आमची, आणि चूक झाली तीसुद्धा माझी. ती पण लिवा. नाही तर सगळी कार्डं इथं ठेवून जा, आम्ही चुलीत घालतो. मागून आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या टोळीतली ती बोलणारी बाई सगळ्यांत पुढे होती.

मोठ्या डॉक्टरांनी अलकाला परत दिलं ते जपून दिलं, एवढं त्यांचं सांगायला हवं. काही कबूल मात्र केलं नाही. पुढे डॉक्टरीणबाईंनी जसं घडलं तसं सगळं लिहिलं, मापासकट, आणि त्यांना दुसऱ्या जिल्ह्यात धाडलं. जाताना त्या गावात आल्या होत्या. तो अभ्यास कुठे छापून आला की कपाटात पडला, मला माहीत नाही. पण बदलीचा हुकूम हातात असताना त्या तालुक्याच्या साहेबांपुढे जाऊन बसल्या, आणि आमच्या तलावावर काम चाललं तोवर ढीग टोळीचाच राहिला. शेजारच्या गावांतल्या बायकाही येऊन विचारून गेल्या आणि आपापल्या मुकादमांशी भांडल्या. ते कुणी छापायची गरज नव्हती.

आत्या आणखी बरीच वर्षं होती. अलका शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पुस्तकातून मी अक्षरं शिकले. आत्यालाही शिक म्हटलं तर तिने तिचं ठरलेलं उत्तर दिलं, मी पुन्हा विचारलं, तर म्हणाली, आता डोळे राहिले न्हाईत पोरी. खरंच राहिले नव्हते. शेवटच्या दुखण्यात पुणतांब्याहून पुतणे आले, अजून तोच कागद घेऊन. तिने त्यांना चहा दिला, गंगेला पाणी कसं आहे ते विचारलं, आणि दोन्ही हात गोधडीखाली घेऊन झोपली. तशीच गेली. अंगठा कोरा. तिला उचलायला सगळं गाव होतं, आणि खडीवरच्या बायका रीत सोडून मसणवटीपर्यंत चालत गेल्या. कुणी अडवलं नाही. अडवायची छाती नव्हती.

अलका आता पन्नाशीपुढची आहे. देवळाली प्रवऱ्याला दिली, नातवंडं झाली तिला. मागच्या महिन्यात तिचे गुडघे दाखवायला तिथल्या दवाखान्यात गेलो होतो. पोरगेलासा डॉक्टर, चांगला बोलणारा. तिला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, आजी, तुमच्या मुलीचं वजन फार आहे, कमी करायला सांगा.

मी म्हटलं, "असू दे, बाळा. लई भांडून मिळवलंय ते."